पेरणीआधी गिऱ्हाईक: तीस गुंठ्यांतली भाजी थेट घरोघरी विकण्याचा क्रम

थेट विक्री बहुतेक वेळा एकाच रीतीने फसते. दहा गुंठ्यांत मेथी एकदम पेरली जाते, महिन्याभरात ती एकदम तयार होते आणि मग शहरातल्या ओळखीच्या लोकांना व्हॉट्सॲपवर हिरव्यागार वाफ्यांचा फोटो जातो. पंधरा-वीस जुड्यांची मागणी येते. उरलेल्या अडीच हजार जुड्या त्याच रात्री टेम्पोत भरून मार्केट यार्डात शेकड्याच्या भावाने जातात. घरी निष्कर्ष निघतो, “शहरातले लोक नुसते बोलतात, घेत नाहीत.”

घेतात की. पण एका घराला लागते आठवड्याला एक जुडी, आणि ती दर आठवड्याला लागते. यार्डासाठी पिकवायचं आणि घरोघरी विकायचं, हे जमत नाही. घरोघरी विकायचं असेल तर पिकवण्याची पद्धतच बदलावी लागते, आणि तो बदल बियाण्याच्या दुकानात जाण्याच्या बराच आधी सुरू होतो.

पुढचा क्रम पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांपासून तासा-दीड तासावर ३० गुंठे ते एक एकर ओलिताची जमीन असलेल्यांसाठी आहे. उदाहरणाला ४० कुटुंबं आणि दर कुटुंबाला आठवड्याला एक टोपली धरली आहे. आकडे ठोकताळ्याचे आहेत, तुमच्या जमिनीत कमीजास्त होतील. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका.

टप्पा १: पाणी, माणसं, अंतर

विहिरीत आज किती पाणी आहे ते पाहू नका. गेल्या मे महिन्यात मोटर सलग किती वेळ चालत होती ते आठवा. ४० कुटुंबांसाठी साधारण २० गुंठे पीक कायम उभं आणि १० गुंठे तयारीत असं चक्र चालतं. त्या २० गुंठ्यांना ठिबकवर मे महिन्यातही पाणी पुरत असेल तरच बारमाही टोपलीचा शब्द द्या. पुरत नसेल तर दहा महिन्यांची टोपली जाहीर करा: १५ एप्रिल ते १५ जून बंद. लोकांना हे पटतं. मे महिन्यात निम्मी घरं गावाला गेलेली असतात. सांगून घेतलेली सुट्टी चालते, न सांगता आलेला खाडा चालत नाही.

माणसांचा हिशेब तोडणीच्या दिवशीचा धरा. गवारीसारखी शेंग तोडायला किती वेळ खाते हे तोडणाऱ्याला विचारा. घरातली दोन माणसं आणि तोडणीच्या दिवशी एक-दोन मजूर एवढं तरी हवंच. शहरात गाडी घेऊन कोण जाणार हे आधी ठरवा. जो पहाटे तोडतो तोच गाडी चालवतो आणि तोच रात्री हिशेब लिहितो, असं झालं की तीन महिन्यांत माणूस थकतो आणि टोपली बंद पडते.

तपासा: तोडणीच्या दिवशी घरात लग्न, आजारपण किंवा दहावा निघाला तर गाडी कोण नेईल? त्या माणसाचं नाव आत्ताच ठरलेलं हवं.

टप्पा २: गिऱ्हाईक नोंदवा, तेही पैसे घेऊन

बारा ठिकाणी विखुरलेल्या ४० घरांपेक्षा दोन सोसायट्यांतली वीस-वीस घरं केव्हाही चांगली. निम्मं पेट्रोल वाचतं, शिवाय एका घरी कुलूप असलं तर शेजारी टोपली ठेवून घेतात.

लोकांना “घ्याल का?” असं विचारू नका. त्याला सगळे होच म्हणतात. घरात माणसं किती, कोणती भाजी अजिबात चालत नाही, कोणत्या वारी संध्याकाळी घरी असता आणि चार टोपल्यांचे पैसे आगाऊ द्याल का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर खरी यादी तयार होते. पैसे जमा झाले ते गिऱ्हाईक, बाकीचे हितचिंतक.

सुरुवात दहा-बारा घरांपासून करा. दोन महिने एकही खाडा न होता गेले की वीस, मग चाळीस. पहिल्याच महिन्यात चाळीस घरं घेतली की पहिल्याच पावसात वीस घरं रिकामी टोपली पाहतात.

सोसायटीच्या आवारात टेबल मांडणार असाल तर कमिटीची परवानगी लेखी घ्या आणि ती गेटवरच्या रखवालदाराकडे ठेवा. बाजार समितीची भीती बाळगू नका. महाराष्ट्रात जुलै २०१६ पासून फळं-भाजीपाला नियमनमुक्त आहे, शेतकऱ्याला तो बाजार आवाराबाहेर विकता येतो. घरपोच नको असेल तर राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने शहरांत सुरू झालेले शेतकरी आठवडे बाजार आहेत. तिथे शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनीमार्फत जाणं सोपं पडतं. पण तिथेही दर आठवड्याला दहा-बारा प्रकार मांडणाऱ्यापुढेच गर्दी असते, म्हणून पुढचे टप्पे त्यांनाही लागू आहेत.

टप्पा ३: टोपली आधी, पीक नंतर

कागदावर चार माणसांच्या घराची टोपली लिहा: दोन पालेभाज्या, तीन फळभाज्या अर्धा-अर्धा किलो, एखादा कंद किंवा शेंग, शंभर ग्रॅम मिरची, कोथिंबिरीची एक जुडी. म्हणजे साधारण तीन किलो. कांदा-बटाट्यात पडू नका. तो माल लोक कुठूनही घेतात आणि तुमची जागा अडते.

आता एकेका भाजीचा उलटा हिशेब करा.

मेथी: ४० जुड्या. पाव-पाव किलोची जुडी धरली तर एका गुंठ्यात चांगल्या हंगामात २५० ते ३०० जुड्या निघतात. म्हणजे एका आठवड्याला पाव गुंठासुद्धा जास्त झाला. पाव गुंठा म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट आणि शंभर ग्रॅमच्या आत बियाणं. दहा गुंठे पेरणारा माणूस हा आकडा पाहून हसतो. पण तो पाव गुंठा दर आठवड्याला नवा पेरायचा आहे, खरी अडचण तिथे आहे.

भेंडी: ४० घरांना अर्धा-अर्धा किलो, म्हणजे आठवड्याला २० किलो. त्यासाठी तोड्यावर आलेली दीड गुंठा भेंडी लागते. आता एक गोम पाहा. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते. तोडली नाही तर जून होते आणि झाड नवी फळं धरायला आळस करतं. टोपली आठवड्यातून एकदाच गेली तर तीन तोड्यांपैकी दोन तोड्यांची भेंडी जाणार कुठे? म्हणून ४० घरं एकाच दिवशी करू नका. वीस घरं बुधवारी, वीस शनिवारी. दोन तोडे टोपलीत जातात, तिसरा घरच्या जेवणात, गावातल्या खानावळीत किंवा वाटेवरच्या भाजीवाल्याकडे. काकडी, दोडका, गवार यांनाही हाच नियम. थेट विक्री करणारे बहुतेक जण शनिवार-रविवारच धरून बसतात आणि मधल्या तोड्यांचा माल फुकट घालवतात.

मग पंचांग काढा. मराठी घरातली भाजी तिथीवर चालते, हे यार्डातल्या आडत्याला (दलालाला) तोंडपाठ असतं, शेतकरी मात्र विसरतो. कांदेनवमीला वांगी हवी असतात. त्यानंतर चातुर्मासात अनेक घरांत वांगं बंद, ते चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याला पुन्हा सुरू. ऋषिपंचमीला अळू, माठ, पडवळ, दोडका, भोपळा, मक्याचं कणीस. पितृपक्षात गवार, कारली, भेंडी, लाल भोपळा, अळू, आणि त्या पंधरवड्यात गवारीचा भाव विचारू नये असा असतो. भोगीला वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा.

गवार पहिल्या तोड्याला ४५ ते ५० दिवस घेते, जोरात यायला आणखी आठवडा. म्हणजे पितृपक्षाच्या दोन महिने आधी ती जमिनीत हवी. भोगीचं गाजर ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरायचं आणि पावटा तर पावसाळ्यातच.

सावध: भाद्रपदाआधी अधिक मास आला की भाद्रपद गेल्या वर्षीपेक्षा अठरा-एकोणीस दिवसांनी पुढे सरकतो. गेल्या वर्षीच्या तारखेवर पेरणी करू नका, भिंतीवरचं चालू वर्षाचं कॅलेंडर पाहा.

टप्पा ४: पेरणीचं वेळापत्रक

पेरणी ते पहिली तोडणी असे साधारण दिवस धरा: मेथी २५–३०, पालक ३०–३५, शेपू आणि कोथिंबीर ३५–४५, मुळा ४०–४५, काकडी ४०–४५, भेंडी ४५–५०, दोडका-कारली ५५–६०. टोमॅटो, वांगी, मिरची यांना रोप लावल्यापासून ६०–७० दिवस, आणि त्याआधी रोपवाटिकेतला महिना वेगळा. थंडीत हे दिवस लांबतात. डिसेंबरातली मेथी पस्तिशीच्या पुढे जाते आणि भेंडी तर रुसूनच बसते.

पेरणीचा पाळा असा ठेवा:

मेथी दर सात दिवसांनी. ती उपटून काढायची, दुसरी कापणी धरायची नाही.

कोथिंबीर दर सात ते दहा दिवसांनी. टोपलीतून कोथिंबीर गळली तर बाकी कितीही चांगलं असो, फोन येतोच.

पालक दर तीन आठवड्यांनी. जमिनीपासून दोन बोटं वर कापला की तीन-चार कापण्या देतो.

भेंडी दर पाच आठवड्यांनी एक छोटा तुकडा. काकडी आणि घेवडा महिन्यातून एकदा.

वांगी, मिरची, टोमॅटो वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. वेलवर्गाचा मांडव एकदाच उभा करा आणि आधी दोडका, मग कारली अशी वेलांची अदलाबदल करा. मांडवाचा खर्च दोनदा करण्याची गरज नाही.

लागेल त्याच्या सव्वापट पेरा. उगवण, अळी, गारवा, गुरं आणि शेजाऱ्याच्या कोंबड्या यांत चौथाई जाते. दीडपट पेरलं तर दर आठवड्याला उरतं आणि मग उरलेलं स्वस्तात देण्याची सवय लागते.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. संततधार लागते, वाफसा (पेरण्याजोगी ओल) येत नाही आणि आठवड्याची पेरणी राहून जाते. त्या वेळी काहीच बिघडलेलं दिसत नाही, कारण टोपली भरलेली असते. खड्डा पडतो पाचव्या आठवड्यात. तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो. म्हणून पेरणीचा वार बाजाराच्या वारासारखा ठरलेला ठेवा आणि पावसाळ्यासाठी शेडनेटखाली किंवा उंचावर दोन-तीन वाफे राखीव ठेवा. तिथे दोन दिवस उघडीप मिळाली तरी पेरता येतं.

याच खड्ड्यासाठी बांधाचा उपयोग करा. दोन-तीन शेवगे, कढीपत्ता, लिंबू, हादगा, पाणी साचतं त्या कोपऱ्यात अळू. यांना पाळा लागत नाही, हवं तेव्हा काढता येतात. पूर्ण पिकलेला लाल भोपळा देठासकट काढून कोरड्या जागी ठेवला तर महिनोन्‌महिने टिकतो. ज्या आठवड्यात दोडका फसला त्या आठवड्यात त्याची फोड टोपलीत जाते.

तपासा: पुढच्या आठ आठवड्यांतल्या प्रत्येक टोपलीसमोर प्रत्येक भाजीच्या वाफ्याचा क्रमांक लिहा. जिथे रकाना रिकामा राहतो तिथे आजच काही पेरायचं आहे.

सुरुवात कधी करावी? माझं मत सरळ आहे, जूनमध्ये करू नका. पाऊस, तण, अळी आणि नवे गिऱ्हाईक एकदम अंगावर येतात. फळभाज्यांची रोपं सप्टेंबरात तयार ठेवा, पालेभाजी ऑक्टोबरात पेरा, पहिली टोपली नोव्हेंबरात. हिवाळ्यात पालेभाजी सहज येते आणि तुमच्या चुका झाकून नेते.

टप्पा ५: वाफे, बियाणं, रोपं

पालेभाजी सपाट वाफ्यात हिवाळा-उन्हाळ्यातच घ्या. पावसाळ्यात तीन-साडेतीन फूट रुंद आणि वीतभर उंच गादीवाफे करा, नाहीतर मेथी पाण्यात बसून पिवळी पडते. उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलावर येते. पन्नास टक्क्यांची शेडनेट टाकली तर दहा-बारा दिवस जास्त मिळतात.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण दोन्ही येतात, शिवाय लोक कच्ची खातात त्या कोथिंबिरीजवळ ताजं शेण असणं बरं नाही.

धने पेरण्याआधी चपलेखाली किंवा फळीखाली हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करा, रात्रभर भिजत घाला, सावलीत पाणी निथळू द्या. अख्खे धने पेरले तर उगवण विरळ आणि मागेपुढे होते. किराणा दुकानातले धने-मेथी पेरून पैसे वाचवायचा मोह होतो. एखाद्या वेळी ते उगवतातही, पण इथे चाळीस घरांना शब्द दिलेला आहे. प्रत्येक नव्या पिशवीतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा, ऐंशीच्या खाली आली तर पिशवी बदला.

सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांकडे दुर्लक्ष करू नका. परभणी क्रांती भेंडी, पुसा नवबहार गवार, हिमांगी काकडी, मांजरी गोटा वांगं यांचं बियाणं घरचं धरता येतं. लांब प्रवासात टिकण्याचा गुण तुम्हाला लागत नाही, कारण तुमचा माल दुसऱ्याच दिवशी शहरात जातो. मांजरी गोट्याचं भरलं वांगं एकदा घरात झालं की त्याच नावाने मागणी येते. टोमॅटो, ढोबळीला संकरित वाण घ्यायला हरकत नाही.

सावध: वांग्यानंतर त्याच जागी टोमॅटो किंवा मिरची नको. तिघं एकाच कुळातले, रोगही तेच. मध्ये मेथी, गवार, घेवडा घ्या.

टप्पा ६: फवारणी, आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचं

आधी सापळे लावा. रसशोषक किडींसाठी पिवळे चिकट सापळे, वांग्याच्या शेंडा-फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे, काकडी-दोडक्याच्या फळमाशीसाठी क्यू ल्यूअर (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा सापळा). टोमॅटोच्या कडेने झेंडू लावा, दसऱ्याला तो वेगळे पैसेही देतो. भेंडीवर केवडा (पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग) आलेलं झाड दिसलं की उपटून लांब पुरा. रोग पांढरी माशी पसरवते, झाड ठेवून काही मिळत नाही.

फवारावंच लागलं तर लेबलवर दोन गोष्टी वाचा: त्या पिकाचं नाव आहे का, आणि फवारणी ते तोडणी किती दिवस सोडायचे. भेंडी-काकडीला एक दिवसाआड तोडा असतो. सात दिवस सोडायचे म्हणजे तीन-चार तोडे फेकायचे. तो तोटा परवडत नसेल तर ते औषध त्या पिकावर परवडत नाही. दुकानदार सांगेल ते दिवस धरू नका, लेबलवरचे धरा.

आता शब्दांचं. प्रमाणपत्र नसताना पिशवीवर “शंभर टक्के सेंद्रिय” असं छापू नका. सेंद्रियचा अधिकृत शिक्का वापरायचा तर प्रमाणीकरण लागतं. लहान शेतकऱ्यांना त्यासाठी पीजीएस (सहभागी हमी प्रणाली) ही गटाची पद्धत सोयीची आहे, गावातले किमान पाच शेतकरी मिळून गट करता येतो. तोवर खरं तेच सांगा: “कोबीवर या महिन्यात एकदा औषध मारलं, त्यानंतर इतके दिवस थांबलो. बाकी टोपलीवर निंबोळी अर्काशिवाय काही नाही.” लोक यावर जेवढे प्रश्न विचारतात तेवढे कुठल्याच शिक्क्यावर विचारत नाहीत, आणि उत्तर मिळालं की टिकतात.

टप्पा ७: तोडणी आणि आदली रात्र

सगळं बरोबर करूनही माल इथे मरतो. शनिवारच्या टोपलीचा क्रम असा ठेवा.

*शुक्रवारी सकाळी* ऊन चढायच्या आत: भेंडी, गवार, काकडी, दोडका, मिरची. भेंडी करंगळीएवढी, टोक वाकवलं की टचकन मोडलं पाहिजे. वाकून राहिली तर ती जून, घरी ठेवा. हातमोजे आणि पूर्ण बाह्या घातल्याशिवाय भेंडीत शिरू नका. वांगं देठासकट कात्रीने कापा, ओढून तोडलं तर टोपण सैल होतं आणि दुसऱ्या दिवशी शिळं दिसतं. टोमॅटो निम्मा रंगलेला काढा.

*शुक्रवारी संध्याकाळी* चारनंतर: पालक, शेपू, मेथी, कोथिंबीर. त्या दिवशी सकाळी वाफ्याला हलकं पाणी दिलेलं असावं, म्हणजे मेथी मुळासकट अलगद निघते. मुळांची माती झटका. धुवायचीच तर फक्त मुळं बुडवा, आणि पाणी प्यायला चालेल असंच घ्या. ओढ्याच्या किंवा उघड्या गटारालगतच्या पाण्यात जुड्या बुडवून हिरव्यागार दिसतात, पण ते पाणी कुणाच्या तरी कोशिंबिरीत जातं. कोथिंबीर तर धुवूच नका, पानं रात्रीतून काळी पडतात.

जुडी सैल बांधा. घट्ट बांधलेल्या जुडीचा आतला भाग तापतो. हात घालून पाहा, कोमट लागला तर लगेच सोडून पसरा. जुड्या क्रेटमध्ये उभ्या ठेवा, वर ओलं करून पिळलेलं गोणपाट. पाणी टपकणारं नको.

क्रेट वेगळे ठेवा. टोमॅटोशेजारी रात्रभर ठेवलेला पालक पिवळा पडतो, कारण पिकणाऱ्या फळातून जो वायू निघतो त्याने पानं लवकर म्हातारी होतात. काकडीही त्यापासून दूर.

रात्र काढायला विटांची दुहेरी भिंत आणि मधल्या तीन इंच फटीत ओली वाळू, वर ओलं गवत किंवा गोणपाट. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला हा शून्य ऊर्जा शीतकक्ष. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत आतलं तापमान बाहेरपेक्षा दहा-पंधरा अंशांनी उतरतं. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने फारसा उपयोग नाही, तेव्हा नुसती हवेशीर पडवी बरी.

*शनिवारी* दुपारी टोपल्या भरा, संध्याकाळी वाटप. जड खाली, टोमॅटो वर, पालेभाजी सगळ्यात वर. एकच माणूस वजन करील आणि दुसरा यादीवर खूण करील. दोन्ही कामं एकाने केली की चौदाव्या टोपलीत मिरची राहते.

तपासा: भरलेल्या वीस टोपल्यांतली कोणतीही एक उचलून पुन्हा मोजा. ती तुमच्या घरी आली असती तर तुम्ही फोन केला असता का?

टप्पा ८: भाव

रोज यार्डाचा भाव पाहून टोपलीचा भाव बदलू नका. टोमॅटो पाच रुपयांवर आला की गिऱ्हाईक कमी करायला सांगेल आणि ऐंशीवर गेला की तुम्हाला वाढवायचा मोह होईल. दोघांनाही हंगामभर ठरलेला एक भाव सोयीचा. हंगामातून एकदा, आधी सांगून तो बदला.

भाव काढताना आधी वाटपाचा खर्च मांडा, कारण तोच विसरला जातो. समजा एका फेरीला ६०० रुपये गाडीचे, ४०० भरणाऱ्या-वाटणाऱ्या माणसाचे, २०० पिशव्या, फोन, किरकोळ. १२०० रुपये भागिले २० टोपल्या, म्हणजे टोपलीमागे ६० रुपये, आणि यात भाजीचा एक पैसाही धरलेला नाही. “यार्डापेक्षा दहा रुपये जास्त मिळाले” म्हणून खूश होणारे खरं तर पन्नास रुपये खिशातून घालत असतात.

मग त्यात बियाणं, खत, मजुरी, वीज, मांडवाचा वर्षाचा वाटा आणि घरच्या माणसांची रोजंदारी घाला. शेवटची गोष्ट सगळेच गाळतात. बायको आणि आई पहाटे तीन तास जुड्या बांधतात ते मजुरीत धरलं नाही, तर नफा कागदावरच राहतो. फुकट गेलेल्या मालासाठी आणखी दहावा हिस्सा चढवा.

आलेला आकडा त्या सोसायटीबाहेरच्या हातगाडीच्या भावाशी ताडून पाहा. त्याच्या जवळपास असेल तर ठीक. बराच वर गेला तर भाव पाडू नका, फेरीतली घरं वाढवा किंवा अंतर कमी करा.

टप्पा ९: वाटप आणि वसुली

चार टोपल्यांचे पैसे आगाऊ, क्यूआर कोडवर. उधारी नाही. पन्नास रुपयांच्या बाकीसाठी फोन करायला तुम्हालाही संकोच वाटतो आणि समोरचाही टाळतो. बाहेरगावी जाणाऱ्याने दोन दिवस आधी कळवलं तर टोपली पुढे ढकला. त्यानंतर कळवलं तर नाही. हा नियम पहिल्याच दिवशी सांगायचा, भांडण झाल्यावर नव्हे.

शुक्रवारी सकाळी ग्रुपवर टोपलीतल्या भाज्यांची यादी टाका. शेपू, आंबट चुका, हादग्याची फुलं असतील त्या दिवशी करायची रीत दोन ओळींत लिहा. शहरातल्या अनेक घरांत चुका कशात घालायचा हे ठाऊक नसतं, मग तो वाया जातो आणि “टोपलीतलं निम्मं फेकावं लागतं” अशी तक्रार होते.

वजनकाट्याची पडताळणी दरवर्षी वैधमापन विभागाकडून करून मुद्रा (शिक्का) घ्या आणि प्रमाणपत्र गाडीत ठेवा. ताजी भाजी विकायला शेतकऱ्याला अन्न परवाना लागत नाही. उरलेल्या मिरचीचं लोणचं किंवा ठेचा भरून विकायला लागलात की अन्न नोंदणी काढावी लागते.

सावध: एखाद्या आठवड्यात एक भाजी कमी पडली तर बाजारातून आणून गुपचूप भरू नका. शेजारच्या शेतकऱ्याकडून घेतली तर तसं लिहा, मिळालीच नाही तर पुढच्या वेळी भरपाई द्या. यार्डातली फ्लॉवर तुमच्या टोपलीत ओळखू येते.

टप्पा १०: उरलेला माल

उरणारच. त्याची वाट आधी ठरलेली हवी: वाटेवरची खानावळ, गावातला भाजीवाला, मग यार्ड, शेवटी गुरं आणि कंपोस्ट. सोसायटीच्या गेटवर संध्याकाळी सात वाजता “निम्म्या भावात” विक्री करू नका. पुढच्या महिन्यात लोक टोपली बंद करून साताचीच वाट पाहतात.

यार्डात पाठवलंत तर पट्टी (आडत्याने दिलेला विक्रीचा हिशेब) नीट वाचा. भाजीपाल्याची आडत (आडत्याचं कमिशन) २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची आहे, ती तुमच्या पट्टीत कापलेली दिसली तर विचारा. हमाली, तोलाई आणि गाडीभाडं वेगळं.

टप्पा ११: वही

वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: कोणता वाफा कधी पेरला, किती जुड्या किंवा किलो निघाले, किती परत आले किंवा फेकले. “या वर्षी कारली कोणी खाल्लीच नाहीत” अशा आठवणीवर विसंबू नका. पाहिलं तर सहा घरांनी नको म्हटलेलं असतं आणि चौतीस घरांनी आवडीने घेतलेलं असतं. त्या सहा घरांच्या नावापुढे खूण करा आणि कारल्याऐवजी दुधी द्या.

चाळीस घरं नीट चालली की दुसऱ्या सोसायटीतून विचारणा येते. लगेच जमीन वाढवू नका, शेजाऱ्याला बरोबर घ्या. त्याने वेलवर्ग आणि तुम्ही पालेभाजी अशी वाटणी केली तर दोघांचाही पाळा सोपा होतो. फक्त फवारणीचे दिवस, प्रतवारी आणि भाव यांचे नियम एका कागदावर लिहून दोघांनी सही करा, आणि पहिले दोन महिने त्याचे क्रेट गाडीत चढण्याआधी तुम्ही उघडून पाहा.